उरलेले चाळीस किलोमीटर गेले कुठे?

मृगजळ (धागाकर्ती)

मी ग्वाल्हेरात लष्कर भागात राहते, अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवते. गेल्या आठवड्यात प्रक्षेप्याची, म्हणजे फेकलेल्या वस्तूची, गती चालू होती. फळ्याच्या कोपऱ्यात नेहमीसारखं 'हवेचा रोध नगण्य' असं लिहिलं आणि पल्ल्याचं सूत्र काढून दाखवलं. पंचेचाळीस अंशाला पल्ला सगळ्यात जास्त, वगैरे.

दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं हात वर केला. तिचे आजोबा सैन्यात होते. बोफोर्सचा गोळा नळीतून सेकंदाला आठशे मीटरच्या आसपास वेगानं सुटतो, हे तिनं त्यांच्याकडून ऐकलेलं. वहीत तिनं आकडेमोड केली होती: ८०० चा वर्ग ६,४०,०००, भागिले ९.८, म्हणजे ६५ किलोमीटर. "पण आजोबा म्हणतात साधा गोळा चोवीसच्या आसपास पडतो. मग उरलेले चाळीस किलोमीटर गेले कुठे?"

मी म्हटलं, हवेनं खाल्ले. त्यावर तिनं जे विचारलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. "हवा जर एवढं खाते, आणि हवा तर रोज वेगळी असते, तर गोळा जागेवर पडतो कसा?"

सोमवारी सांगते म्हणून आले आहे. तिला पुस्तकातलं एखादं वाक्य द्यायचं नाही मला. इथे तोपखान्यात राहिलेले, जुनी कागदपत्रं वाचणारे, उपकरणांवर काम करणारे लोक आहेत, म्हणून विचारते. तोफगोळा असो, रॉकेट असो की क्षेपणास्त्र, इतक्या लांबून ते नेमकं ठिकाणावर जातं ते कशाच्या जोरावर?

चंबळकाठी

मुलीला आधी हे सांगा की तिनं केला तोच हिशेब १७४२ साली बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञानं छापला होता. पाऊण इंच व्यासाची बंदुकीची गोळी, वेग सेकंदाला १७०० फूट. सूत्रानं पल्ला येतो सतरा मैल. प्रत्यक्षात ती अर्धा मैलसुद्धा जात नाही. गॅलिलिओनं १६३८ मध्ये मांडलेला पॅराबोला, म्हणजे हवा नाहीच असं धरून काढलेली गोळ्याची कमान, शंभर वर्षं तोफांना लावला जात होता, आणि हवेकडे फारसं लक्ष द्यायचं कारण नाही असंच बहुतेक जाणकार समजत होते.

रॉबिन्सनं वेग मोजायची जी युक्ती काढली ती तुमच्या वर्गाला पूर्ण कळेल. टांगलेल्या जड लाकडी ठोकळ्यात गोळी मारायची, ठोकळा किती झुलला ते मोजायचं आणि संवेगाच्या अक्षय्यतेवरून गोळीचा वेग काढायचा. ठोकळा एकदा बंदुकीजवळ ठेवा, एकदा लांब ठेवा. दोन वेगांतला फरक म्हणजे मधल्या हवेनं खाल्लेला वेग. ध्वनीच्या वेगाजवळ पोचलं की हा रोध एकदम चढतो, हेही त्यानंच पाहिलं. ८०० मीटर म्हणजे ध्वनीच्या दुपटीहून जास्त. गोळा स्वतःपुढे हवेची एक दाट भिंत ढकलत जातो आणि त्याच्या मागे कमी दाबाची पोकळी राहते, ती त्याला मागे ओढते. बेस ब्लीड गोळ्याच्या बुडाशी हळू जळणारा मसाला असतो तो ही पोकळी भरायलाच. त्यानं गोळ्याला धक्का फारसा मिळत नाही, ओढ कमी होते. तेवढ्यावर बोफोर्स चोवीसवरून तीसला जाते.

निवृत्त_गोलंदाज

मॅडम, मी तोपखान्यात सव्वीस वर्षं काढली, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. आता मुरारला असतो. त्या मुलीचा दुसरा प्रश्न हाच आमच्या नोकरीचा प्रश्न होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकांना वाटतं की तोफेवरचा माणूस लक्ष्याकडे बघून नेम धरतो. लांबच्या माऱ्यात त्याला लक्ष्य दिसतच नाही. मध्ये डोंगर असतो, वीस किलोमीटर असतात. त्याच्याकडे असतात आकडे. तोफ कुठे उभी आहे, लक्ष्य कुठे आहे, दोन्हींच्या उंचीत फरक किती. मग रेंज टेबल उघडायचं. हे टेबल एका आदर्श दिवसाचं असतं: ठरलेलं तापमान, ठरलेला हवेचा दाब, वारा शून्य, नळी नवी. असा दिवस मी सव्वीस वर्षांत एकदाही पाहिला नाही. आजचा दिवस त्या दिवसापेक्षा किती वेगळा आहे, ते शोधण्यात सगळं कसब.

पहिली हवा. जमिनीवरचा वारा बघून उपयोग नाही, गोळा कित्येक किलोमीटर वर चढून येतो. म्हणून मेटवाले, म्हणजे हवामान मोजणारे, फुगा सोडतात आणि वरच्या एकेका थराचा वारा, तापमान आणि घनता कळवतात. त्याला आम्ही मेट मेसेज म्हणायचो. तीन-चार तास जुना मेट मेसेज म्हणजे शिळं अन्न, पोटात घालायचं नाही असं आमचे उस्ताद सांगत.

दुसरं दारूचं तापमान. चार्जच्या पिशव्यांमध्ये थर्मामीटर ठेवलेला असतो. गरम दारू जोरात जळते, गोळा जास्त वेगानं सुटतो. आपल्या ग्वाल्हेरात जूनमध्ये पंचेचाळीसच्या वर पारा आणि जानेवारीत पहाटे तीन-चार अंश, हे तुमच्या मुलांना सांगायला नको. तीच तोफ, तोच चार्ज, तोच कोन, आणि गोळा वेगळ्या ठिकाणी. सुटतानाच्या वेगात सेकंदाला एक मीटर फरक पडला तर लांबच्या पल्ल्यावर वीस-तीस मीटर इकडचे तिकडे होतात.

तिसरी नळी. प्रत्येक गोळ्यागणिक ती झिजते, वेग घटतो. म्हणून प्रत्येक तोफेचं वेगळं रेकॉर्ड. एका बॅटरीतल्या, म्हणजे तुकडीतल्या, सहा तोफा सख्ख्या बहिणी असल्या तरी स्वभाव सहा. गोळ्याचं वजनसुद्धा सारखं नसतं. त्याच्यावर चौकोन छापलेले असतात, त्यावरून वजनाचा गट कळतो.

आणि शेवटी आपण स्वतः कुठे उभे आहोत हे. आमच्याकडे अंश नसतात, मिल असतात. पूर्ण वर्तुळाचे ६४०० मिल. एक मिल म्हणजे एक किलोमीटरवर एक मीटर, वीस किलोमीटरवर वीस मीटर. तोफेची दिशा दोन मिलनं चुकली की बाकीची सगळी मेहनत चाळीस मीटर बाजूला जाऊन पडते.

एवढं करूनही पहिला गोळा लक्ष्यावर पडेल याची हमी नाही. म्हणून ओपी, म्हणजे पुढे बसलेला निरीक्षक. गोळा पुढे पडला तर तो 'ड्रॉप' सांगतो, अलीकडे पडला तर 'ॲड'. एक पलीकडे, एक अलीकडे, मग मधलं अंतर अर्धं करायचं, पुन्हा अर्धं. कंस जुळला की 'फायर फॉर इफेक्ट', म्हणजे आता खरा मारा. तोपखान्याचा डोळा तोफेवर नसतो, ओपीपाशी असतो. मुलीच्या आजोबांना माझा नमस्कार सांगा, कोणत्या रेजिमेंटचे ते विचारा.

मृगजळ

सुभेदारसाहेब, हे सगळं छापून वर्गात वाचून दाखवणार आहे. आजोबांना विचारते.

बखरवाचक

ग्वाल्हेरचा धागा आहे आणि शिंद्यांच्या तोफा आल्या नाहीत असं होऊ नये.

महादजी शिंद्यांनी १७८४ साली द बॉइन्य या युरोपियन सेनानीला चाकरीत घेतलं आणि कवायती पलटणी उभ्या केल्या. त्यांच्यासाठी आग्र्याला सँग्स्टर नावाचा स्कॉट माणूस तोफा ओतत असे. त्या तोफा किती चांगल्या होत्या याची साक्ष शत्रूनं दिलेली आहे. सप्टेंबर १८०३ मध्ये पटपडगंजला, म्हणजे दिल्लीच्या लढाईत, इंग्रजांच्या हाती शिंद्यांच्या तोफा लागल्या. त्यांची जी मोजदाद झाली तीत तोफांना उत्तम बनावटीचे उंची साधायचे स्क्रू आहेत, काही तर अगदी नव्या फ्रेंच सुधारणेचे, असं नोंदलेलं आहे. आधी तोफेच्या बुडाखाली लाकडी पाचर ठोकून तोंड वरखाली करत. पाचर ठोकताना हात सुटला की कोन बदलला. स्क्रूला आटे असतात, अर्धा फेरा, पाव फेरा, पुन्हा मागे तिथेच आणता येतं. तोच कोन पुन्हा साधणं हा अचूकतेचा पहिला भाग, आणि तो आपल्याकडे आग्र्याच्या कारखान्यात होता.

त्याच वर्षी असईच्या आणि त्यानंतर लासवारीच्या लढाईत या गोलंदाजांनी तोफा सोडल्या नाहीत. पायदळ मागे हटलं तरी ते तोफांपाशी कापले गेले. इंग्रज सेनापतींनीच ते लिहून ठेवलं आहे. दोनशे वर्षांनी मुरारला बसून एक गोलंदाज हे लिहितो आहे, ते वाचताना मला ते आठवलं.

पण नळीच्या आतला दोष त्या काळात कुणालाच सुटला नव्हता. गोळा नळीत घट्ट बसत नसे, भोवती फट ठेवावी लागे, नाहीतर तोंडाकडून आत ढकलताच येत नसे. त्या फटीमुळे गोळा सुटताना नळीच्या भिंतींवर आपटत यायचा आणि शेवटचा धक्का ज्या बाजूला बसेल त्याप्रमाणे गिरकी घेत बाहेर पडायचा. क्रिकेटच्या चेंडूसारखा हवेत वळायचा. कुठे वळेल ते कुणाला ठाऊक नाही.

चंबळकाठी

बखरवाचक, यावरही रॉबिन्सचा प्रयोग आहे. त्यानं बंदुकीच्या नळीचं तोंड मुद्दाम डावीकडे वाकवलं. गोळी नळीच्या उजव्या भिंतीला घासत आली, गिरकी घेऊन सुटली. आधी डावीकडे गेली आणि पुढे वळत वळत उजवीकडे. पडदे लावून त्यानं तिचा मार्ग पकडला होता. उपाय त्याच्याच लेखनात आहे: नळीच्या आत पेचदार खाचा. गिरकी टाळता येत नाही तर ती आपणच ठरवून द्यावी, उडण्याच्या दिशेला आस धरून. तोफांमध्ये हे सरसकट यायला एकोणिसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

इंदूरी_सराफा

वाचतो आहे, सुंदर चाललं आहे. एक शंका. पृथ्वी फिरते म्हणून गोळा बाजूला जातो असं काही लोक सांगतात. तोफेच्या बाबतीत ते मला पुस्तकी वाटतं. एका मिनिटात पृथ्वी फिरून फिरून किती फिरणार?

चंबळकाठी

हिशेब करून बघू. आपलं अक्षांश सव्वीस. वीस किलोमीटरवरचा मारा, उड्डाणाचा वेळ साठ सेकंद धरा. बाजूला सरकणं म्हणजे पृथ्वीचा कोनीय वेग (सेकंदाला ०.००००७३ रेडियन) गुणिले अक्षांशाचा साइन (०.४४) गुणिले पल्ला गुणिले वेळ. उत्तर येतं चाळीस मीटरला थोडं कमी, उजवीकडे. एखादं मोठं घर चुकवायला एवढं पुरतं. विषुववृत्तावर हे शून्य होतं आणि उत्तरेकडे जावं तसं वाढतं.

१९१८ च्या मार्चमध्ये जर्मनांनी सुमारे १२० किलोमीटरवरून पॅरिसवर तोफ डागली, म्हणजे इथून रस्त्यानं आग्रा जेवढं लांब आहे तेवढ्यावरून. गोळा चाळीस किलोमीटर वर चढायचा आणि तीनेक मिनिटं हवेत असायचा. तिथे पृथ्वीचं फिरणं हिशेबात घेतल्याशिवाय चालत नव्हतं. आणि मॅडम, तुमच्या पंचेचाळीस अंशांचं तिथे काय झालं बघा: ते पन्नासच्या वर कोन ठेवत. गोळा लवकर विरळ हवेत पोचला की बहुतेक वाटभर रोध जवळजवळ नाही. म्हणजे पुस्तकातला पॅराबोला खरा व्हायला तीस-चाळीस किलोमीटर वर जावं लागलं. नळी इतकी झिजायची की गोळ्यांना क्रमांक दिलेले होते, प्रत्येक पुढचा गोळा किंचित जाड. क्रम चुकवून चालत नसे.

निवृत्त_गोलंदाज

पृथ्वीचं फिरणं आमच्या टेबलात होतं, वेगळं पान असतं त्याला. गोळ्याच्या गिरकीमुळे होणारी सरकही असते, तिला ड्रिफ्ट म्हणतात. उजव्या पेचाच्या नळीतला गोळा उजवीकडे सरकतो, पुऱ्या पल्ल्यावर काही शे मीटर. आपल्या गोलार्धात दोन्ही उजवीकडेच, एकमेकींना कापत नाहीत.

दौलतगंजकर

रॉकेटचं कुणी लिहिलं नाही म्हणून थोडं. मराठ्यांकडे बाण, म्हणजे दारूची रॉकेटं, होते, म्हैसूरकरांकडे लोखंडी नळीचे होते, त्यांचेच पुढे इंग्रजांनी काँग्रीव्ह रॉकेट केले. पण बाण कधी नेमाचं हत्यार नव्हतं. गोळ्याला सगळा वेग नळीतच मिळतो, रॉकेट मात्र नळीतून हळू निघतं आणि बाहेर आल्यावर जळत जळत वेग घेतं. नेमका त्या सुरुवातीच्या वेळात वारा आला तर मागचे पंख वाऱ्याबरोबर ढकलले जातात, नाक वाऱ्याकडे वळतं आणि इंजिन त्याच चुकीच्या दिशेला जोर लावतं. पुण्याच्या एआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेनं घडवलेलं पिनाक घ्या. चव्वेचाळीस सेकंदांत बारा रॉकेटं, पहिल्या आवृत्तीचा पल्ला अडतीस किलोमीटर, म्हणजे इथून मुरैना. ते एका घरासाठी नव्हतंच, विस्तीर्ण क्षेत्रासाठी होतं. पुढे त्याला नाकाजवळ छोटे हलते पंख आणि दिशादर्शन बसवलं, पल्ला पंचाहत्तरच्या आसपास गेला आणि तरी पडण्याची जागा आवळली. पल्ला दुप्पट आणि फैलाव कमी, हे नुसत्या नेमानं कधीच झालं नसतं. वाटेत चूक सुधारता आली म्हणून झालं.

जडत्व

मी मूळची ग्वाल्हेरची, कंपू भागातली. जायरो आणि त्वरणमापकांच्या चाचण्या हे माझं काम. दौलतगंजकरांनी 'वाटेत चूक सुधारणे' म्हटलं, तिथून पुढे जाते.

वाटेत चूक सुधारायची तर चूक झाली हे आधी कळलं पाहिजे. डोळे बांधून शिवपुरीच्या बसमध्ये बसा. बस वळली की शरीर एका बाजूला झुकतं, वेग घेतला की पाठ टेकते. हे सगळं नीट लक्षात ठेवून बेरीज करत गेलात तर कुठे पोचलात ते सांगता येईल. जडत्वीय दिशादर्शन म्हणजे हेच. जायरो सांगतो किती वळलो, त्वरणमापक सांगतो वेग किती बदलला. खिडकीबाहेर बघायचं नाही.

अडचण बेरजेत आहे. समजा त्वरणमापक गुरुत्वत्वरणाच्या फक्त हजाराव्या भागानं चुकतो आहे. एका मिनिटात जागेतली चूक होते साडेसतरा मीटर. पण ती वेळेच्या वर्गानं वाढते. दहा मिनिटांत तीच पावणेदोन किलोमीटर. म्हणून लांबच्या क्षेपणास्त्राला लागणारे संवेदक याच्या कित्येक पट चांगले असावे लागतात. आम्ही एका संवेदकाची उष्णता, कंपन, ताण अशा प्रत्येकाची चूक वेगळी मोजतो आणि संगणकाला देतो. सुभेदारसाहेबांची 'सहा तोफा, सहा स्वभाव' ही ओळ वाचून मी थबकले, कारण आमच्याकडे दर जायरोची अशीच वही असते.

बॅलिस्टिक क्षेपणास्त्राबद्दल एक गैरसमज फार आहे. लोकांना वाटतं ते शेवटपर्यंत वळत वळत जातं. जर्मनांचं व्ही-२ सप्टेंबर १९४४ मध्ये लढाईत आलं, पल्ला तीनशे किलोमीटरच्या वर. त्याचं इंजिन जेमतेम मिनिटभर जळायचं. तेवढ्या वेळात जायरो त्याला ठरलेल्या कोनात वळवायचे, त्वरणमापक वेग मोजायचा, हवा तेवढा वेग आला की इंधन बंद. तिथून पुढे तो फेकलेला दगड. सगळी अचूकता त्या बंद करण्याच्या क्षणात. दहा हजार किलोमीटरच्या पल्ल्याला त्या क्षणी वेगात सेकंदाला ३० सेंटीमीटरची चूक राहिली, तर दगड दीड किलोमीटरहून जास्त चुकतो. ३० सेंटीमीटर, शाळेतली फूटपट्टी! आणि वेग असतो सेकंदाला सात किलोमीटर.

जुने जायरो म्हणजे फिरती चक्रं. लेझर जायरोत चक्र नसतं: बंद वाटेवर प्रकाशाचे दोन किरण उलटसुलट फिरवतात, पेटी वळली की दोघांच्या वाटेत बारीकसा फरक पडतो. हा परिणाम सान्याक या फ्रेंच शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये दाखवला होता. एप्रिल २०१२ मध्ये पहिल्यांदा उडालेल्या, पाच हजार किलोमीटरच्या वर पल्ल्याच्या अग्नी-५ मध्ये लेझर जायरो आहेत.

आता जी गोष्ट मला स्वतःला सगळ्यात आवडते. त्वरणमापकाला गुरुत्व कळतच नाही. लिफ्टची दोरी तुटली तर आतल्या माणसाला स्वतःचं वजन जाणवणार नाही, तसंच. म्हणून वाटेवरचं गुरुत्व आधीच मोजून नकाशात भरून द्यावं लागतं. आणि पृथ्वीचं गुरुत्व सगळीकडे सारखं नाही, हे ज्या मोजणीतून ठसठशीतपणे पुढे आलं तिचं एक टोक आपल्याच मध्य प्रदेशात आहे. विदिशा जिल्ह्यात सिरोंजजवळ कल्याणपूर. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचं ते मूळस्थान. तिथून उत्तरेला मुजफ्फरनगरजवळच्या कलियानापर्यंतचं अंतर जमिनीवर त्रिकोणांनी मोजलं, आणि ताऱ्यांवरूनही काढलं. दोहोंत ५.२३६ विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) फरक आला. ओळंबा सरळ खाली न लोंबता हिमालयाकडे ओढला जात होता. १८५५ मध्ये प्रॅट या इंग्रज गणितज्ञानं हिमालयाचं वस्तुमान धरून हिशेब केला तर ओढ तिप्पट यायला हवी होती, ती आली नाही. त्यातून डोंगरांना खाली हलक्या खडकाची मुळं असतात ही कल्पना पुढे आली. एक विकला म्हणजे जमिनीवर एकतीस मीटर. पाच विकला म्हणजे एकशे साठ मीटर. 'खाली' कुठे आहे हे चुकलं तर उत्तम जायरोही तेवढा चुकणार.

नवासदस्य_गोळेमंदिर

ताई, मग हे सगळं कशाला? जीपीएस बसवलं की झालं ना?

जडत्व

बसवतातच. चार उपग्रहांपासूनची अंतरं वेळेवरून काढायची, म्हणजे जागा मिळते. घड्याळात सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक म्हणजे तीनशे मीटर, इतकी ती घड्याळं बारीक. अमेरिकेच्या एक्सकॅलिबर या १५५ मिलिमीटर गोळ्यात जीपीएस आहे आणि तो काही मीटरांत पडतो, जिथे साधा गोळा पुऱ्या पल्ल्यावर शे-दोनशे मीटर पसरतो. पण उपग्रहाचा संदेश जमिनीवर येईपर्यंत फार क्षीण झालेला असतो, तो दाबून टाकता येतो. युक्रेनमध्ये रशियाच्या जॅमिंगमुळे याच गोळ्याची अचूकता पार घसरल्याच्या बातम्या २०२४ मध्ये आल्या. शिवाय दुसऱ्याचे उपग्रह दुसऱ्याच्या हातात. आपण नाविक या आपल्या दिशादर्शन यंत्रणेचा पहिला उपग्रह जुलै २०१३ मध्ये सोडला तो त्यासाठी. जडत्वीय यंत्रणेला कुणी बाहेरून दाबू शकत नाही, पण तिची चूक वाढत जाते. उपग्रहाची चूक वाढत नाही, पण त्याला गप्प करता येतं. म्हणून दोघांची सांगड.

पिंटोपार्क

आमच्या डोक्यावरून रोज महाराजपुऱ्याच्या हवाई तळाची मिराज विमानं जातात, म्हणून एवढं लिहितो. २४ जून १९९९ ला टायगर हिलवर मिराजनी लेझर बॉम्ब टाकले. त्यात बॉम्ब उजेडाच्या ठिपक्याकडे जातो. ठिपका शेवटपर्यंत कुणीतरी लक्ष्यावर धरून ठेवावा लागतो, मध्ये ढग आला की संपलं. त्या दिवसांत इथल्या कितीतरी घरांत लोक विमानं परत येताना मोजत असत. आमच्या आईनं गच्चीवरून मोजलेली आहेत.

शिंदेछावणी

एक गोष्ट मनात आली ती लिहिते. चंबळकाठींनी पॅरिसच्या तोफेचं लिहिलं. २९ मार्च १९१८, गुड फ्रायडे. त्या तोफेचा एक गोळा सेंट जर्व्हे चर्चच्या छतावर पडला, प्रार्थना चालू होती, नव्वदच्या आसपास माणसं गेली. त्या तोफेला चर्च दिसत नव्हतं आणि तिनं ते निवडलंही नव्हतं. तिचा फैलाव किलोमीटरांत होता, तिला फक्त पूर्ण शहर मारता येत होतं. मृगजळ, वर्गात पल्ला आणि कोन शिकवताना हेही सांगाल का? अकरावीची मुलं लहान नसतात.

निवृत्त_गोलंदाज

ताई, बरोबर बोललात. मी माझ्या बाजूनं एक सांगतो.

१९९९ ला मी द्रासला होतो. वर हवा विरळ, गोळा टेबलापेक्षा लांब जातो, आणि लक्ष्य म्हणजे धारेवरचा बंकर. सपाट मैदानात तीस मीटर पलीकडे पडला तर तीस मीटरच पलीकडे पडतो. धारेवर तीस मीटर पलीकडे गेला की तो दुसऱ्या दरीत शेकडो मीटर खाली जातो, ओपीला धूरसुद्धा दिसत नाही. दुरुस्ती कशावर सांगणार? आणि अलीकडे पडला तर खाली आपलं पायदळ चढत असतं. ते आमच्या गोळ्यांच्या आडोशानं वर सरकत, काही शे मीटरवर. त्यांना गोळा डोक्यावरून जाताना ऐकू यायचा. पायदळाचा एक जवान नंतर मला म्हणाला, साहेब, आम्ही आवाजावरून ओळखायचो की आपलाच आहे आणि पुढे जाणार आहे. दर तासाला दारूचं तापमान वहीत लिहिताना मला तेच डोळ्यांपुढे असायचं.

मॅडम, मुलांना भेटायला बोलवाल तर येईन.

मृगजळ

सगळ्यांना उशिरा उत्तर देते आहे, आठवडा गेला. शिंदेछावणी, चर्चचं सांगितलं. वर्ग बराच वेळ गप्प होता. जडत्वताई, कल्याणपूर नकाशात शोधायला लावलं.

मग प्रयोग केला. पडद्याची जुनी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून घसरगुंडी केली, खालचं टोक टेबलाच्या कडेला अगदी आडवं. काचेची गोटी वीस सेंटीमीटर उंचीवरून सोडायची, खाली पांढरा कागद, त्यावर कार्बन. टेबलाची उंची ऐंशी सेंटीमीटर. मुलांनी ऊर्जेच्या सूत्रानं वेग काढला, पल्ला आला ऐंशी सेंटीमीटर, तिथे फुली मारली. पन्नास वेळा गोटी सोडली. निम्मे ठिपके ज्यात येतील असं वर्तुळ काढलं, दीड सेंटीमीटर त्रिज्येचं. गोळका छान आवळलेला. पण पडला होता सहासष्टच्या आसपास, फुलीपासून चौदा सेंटीमीटर अलीकडे.

सगळा वर्ग म्हणाला, हवेनं खाल्लं. तीच मुलगी म्हणाली, एवढ्याशा वेळात, एवढ्या जड गोटीला हवा एवढं खाणार नाही. दोन दिवस विचार करून आली. गोटी घसरत नाही, गडगडते. गडगडायलाही ऊर्जा लागते, ती सरळ वेगातून जाते. सूत्र दुरुस्त केलं, साडेसदुसष्ट आलं. उरलेला दीड सेंटीमीटर पट्टीच्या दोन कडांवरून गोटी फिरते म्हणून असावा, त्यावर अजून तिचं काम चालू आहे.

मग बाजूला टेबलफॅन ठेवला. गोळका सेंटीमीटरभर पंख्यापासून लांब सरकला, आकार तेवढाच. तिनं पंख्याच्या एक, दोन, तीन बटणांना गोळका किती मिलिमीटर सरकतो त्याचा तक्ता केला आहे, आणि तेवढं मागे आणायला पट्टी किती वळवायची तेही शेजारी लिहिलं आहे. सुभेदारसाहेब शनिवारी येणार म्हणून तिनं तो स्वच्छ अक्षरात उतरवून ठेवलाय. वर मथळा 'रेंज टेबल'. खाली तारीख, खोलीचं तापमान, आणि शेवटी एक ओळ: गोटी जुनी, एका बाजूला टवका उडालेला.